घरच्या सणाला घरचे फूल

पाडव्याच्या सकाळी गुढीला बांधावयाचा कडुलिंबाचा डहाळा नांदेड-लातूरकडील कोणताही शेतकरी विकत आणीत नाही. बांधावर जावे, मोहरलेली फांदी पाहावी आणि हातभर डहाळा तोडून आणावा, इतके ते सोपे आहे. तोच शेतकरी सहा महिन्यांनी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या बाजारात झेंडूपुढे उभा असतो. स्वतःची जमीन, स्वतःची विहीर, हाताखाली दोन माणसे, आणि तरीही घराचे तोरण, औजारांची पूजा, बैलांच्या व मोटारसायकलीच्या माळा यांसाठी तो पिशवीभर फुले मागतील त्या भावाने घेतो. ज्याने झेंडू लावलेला असतो त्याची अवस्थाही पुष्कळदा फारशी चांगली नसते. सणाच्या दिवशी त्याच्या शेतात नुसत्या कळ्या असतात, आणि फूल भरास येते तेव्हा बाजारात त्याला कोणी विचारीत नाही.

याचे कारण साधे आहे व ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले सण चांद्र तिथीने येतात. झाड मात्र ऊन, पाऊस, थंडी आणि दिवसाची लांबी यांप्रमाणे फुलते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातो. पाडवा २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला व २०२५ साली ३० मार्चला आला. कडुलिंबाचा बहर महिनाभराहून अधिक टिकतो, म्हणून या तिन्ही पाडव्यांना डहाळा मोहरलेलाच मिळाला. निसर्गाने तेथे आपली सोय केलेली आहे. दसऱ्याच्या फुलाची सोय आपणास करावी लागते, आणि ती कशी करावी हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तत्पूर्वी जी फुले आपणाकडे काहीही मागत नाहीत त्यांचा थोडा परामर्श घेणे योग्य होईल.

वसंतातील फुले

माघ सरत आला की किनवट-माहूरच्या डोंगरांत पळस पेटतो. सागाची पाने झडून रान उघडे पडलेले असते, ओढे आटू लागलेले असतात, आणि अशा वेळी एकही पान नसलेल्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस येतात. नवख्या माणसास यात चमत्कार वाटतो. वस्तुतः पळसाची मुळे खोल जातात, पानगळीमुळे झाडाचे पाणी वाचते, आणि पाने नसल्याने फूल दुरून दिसते. सूर्यपक्षी, साळुंक्या यांसारखे पक्षी मधासाठी त्यावर येतात व परागीभवन करून जातात. भर दुष्काळी सालीही पळस फुलल्यावाचून राहात नाही.

धुळवड व रंगपंचमी यांसाठी हा रंग घरोघर करता येतो. सकाळी झाडाखाली पडलेली ताजी फुले वेचावी. फांद्या मोडू नयेत. वेचलेली फुले सावलीत वाळवून ठेवली तरी चालतात. रंगासाठी ती रात्रभर पाण्यात भिजत घालावी, किंवा पातेल्यात घालून अर्धा तास उकळावी. पिवळा-केशरी रंग उतरतो. त्यात चुन्याची लहानशी चिमूट टाकली असता रंग एकदम गडद होतो, कारण फुलातील रंगद्रव्य क्षारयुक्त पाण्यात अधिक तांबूस होते. चुना जास्त झाल्यास मात्र अंगाची आग होईल. पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. बाजारातील स्वस्त रंगांत पुष्कळदा कापड व कातडे रंगविण्याची द्रव्ये असतात. त्यांनी मुलांच्या डोळ्यांस व त्वचेस इजा होते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सणाच्या आठ दिवस आधी शाळेत जाऊन सांगावे. सांगण्यापेक्षा एक पातेले चुलीवर चढवून दाखविलेले अधिक चांगले.

याच सुमारास आंबा मोहरलेला असतो. महाशिवरात्रीस बेलाबरोबर आंब्याचा मोहर वाहण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि त्या निमित्ताने शेतकरी झाडाजवळ जातो हे चांगलेच आहे. त्याने मोहराकडे वर पाहावे. पानांवर चिकट चमक दिसल्यास तुडतुडे आहेत, मोहरावर पांढरी पूड दिसल्यास भुरी आहे. उपाय मोहर उमलण्यापूर्वीच करावयाचा असतो. मोहर पूर्ण उमलला असता कीटकनाशकाची फवारणी केल्यास तुडतुड्यांबरोबर माश्या व मधमाश्याही मरतात, आणि फळधारणा त्यांच्यावरच अवलंबून असते. हजारो फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आंबे टिकतात. त्यांतही आपणच घट करून घ्यावी हे शहाणपणाचे नाही.

कडुलिंबाच्या मोहराविषयी लिहावयाचे म्हणजे घराघरांत ठाऊक असलेलेच पुन्हा सांगणे होईल. गूळ, चिंच, ओवा, मीठ घालून वाटलेली ती पाडव्याची गोळी मुले तोंड वाकडे करून खातात व लगेच साखरेच्या गाठीकडे धावतात. एवढेच सुचवावेसे वाटते की बांध रुंद करताना किंवा सामाईक बांधाच्या भांडणात पहिली कुऱ्हाड कडुलिंबावरच पडते. ज्या शिवारात कडुलिंब, करंज, पळस उरले नाहीत तेथे चैत्रात मधमाशीला काही उरत नाही, आणि पुढे कारळे, सूर्यफूल वा भोपळा-काकडीच्या फुलांवर ती दिसेनाशी होते.

लग्नसराई आणि न्हाणीचे पाणी

चैत्र-वैशाखात लग्नसराई सुरू होते आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे पाणी संपते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट अजून कोणी विसरलेले नाही. अशा प्रदेशात फुलबागेची गोष्ट काढणे काहींना चैनीचे वाटेल. म्हणून हिशेबानेच बोलू.

पाच माणसांच्या घरात आंघोळ, हातपाय धुणे व भांडी यांचे मिळून माणशी रोज वीस लिटर सांडपाणी धरले तर शंभर लिटर होतात. आठवड्याचे सातशे. मोगऱ्याच्या वा जास्वंदीच्या वाढलेल्या एका झुडपास उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर पाणी दिले व बुंध्याभोवती पाचटाचे वा भुसकटाचे आच्छादन घातले तर ते हिरवे राहते. म्हणजे सत्तर झुडपांचे पाणी रोज न्हाणीतून रस्त्यावर जाते आणि तेथे डास पोसते. घागरभरही चांगले पाणी खर्च न करता चार मोगरे, दोन जास्वंदी, एक जाई, थोडी अबोली व तुळस सहज जगतात आणि तरीही पुष्कळ पाणी उरते. कढीपत्ता, शेवगा व पपई यांना ते द्यावे.

पाणी तसेच झाडाच्या बुंध्यात सोडू नये. न्हाणीच्या बाहेर मीटरभर खोल खड्डा घेऊन त्यात तळाशी विटांचे तुकडे, वर खडी व सर्वांत वर वाळू भरावी. पाणी त्यातून मुरून पुढे चरात जावे. खड्ड्याच्या कडेने कर्दळ लावावी. कर्दळीस असे पाणी मानवते, ती ते शोषते, आणि तिची लाल-पिवळी फुले वर्षभर मिळतात. कपडे धुण्याचे पहिले फेसाळ पाणी मात्र झाडांना देऊ नये. धुण्याच्या पावडरीतील सोडियममुळे आपली काळी जमीन घट्ट बनते, पाणी खाली मुरत नाही व झाड पिवळे पडते. दुसऱ्या खळबळणीचे पाणी चालते, तेही आलटून पालटून द्यावे.

मोगऱ्याला लग्नसराईत बहर यावा यासाठी डिसेंबरात त्याचे पाणी तोडावे. झाड विश्रांती घेते, पाने थोडी गळतात. त्याने घाबरू नये. जानेवारीत वाळक्या व दाट फांद्या छाटून, बुंध्याशी चाळणी करून कुजलेले शेणखत घालावे व पाणी सुरू करावे. फाल्गुनापासून कळ्या दिसू लागतात. गजऱ्यासाठी कळी भल्या पहाटे, उमलण्यापूर्वी खुडावी व ओल्या फडक्यात ठेवावी. मुंडावळ्या घरच्या कळ्यांच्या असल्या म्हणजे त्यात आजी, आत्या, मावशी साऱ्यांचे हात लागतात. लग्नघरातील ती संध्याकाळ पैसे देऊन आणता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. कुंपणासाठी व पूजेच्या फुलांसाठी कण्हेर व पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, सर्रास लावतात. दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. बिट्टीची बी मुले खेळण्यास घेतात, आणि छाटलेला पाला शेळ्या-गुरांपुढे पडतो. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ती दारात नसावी, आणि छाटणी केलेला पाला गोळा करून पुरावा.

झेंडूची उलटी मोजणी

आता मुख्य विषयाकडे वळू. दसऱ्याशी इतके एकरूप झालेले हे फूल मुळात मेक्सिकोकडील. तेथील लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या पितरांच्या स्मरणार्थ घरात व स्मशानात याच फुलांच्या राशी मांडतात. पोर्तुगीजांच्या काळात ते हिंदुस्थानात आले असे मानले जाते. येथे आल्यावर पितृपक्ष संपताच सुरू होणाऱ्या नवरात्रात त्याला जागा मिळाली, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. तीन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्याने तो पुन्हा २० ऑक्टोबरच्या सुमारास जातो. ज्याने 'झेंडू आपण मृगात टाकतो' असा नियम करून घेतला, त्याचा हिशेब अशा वर्षी चुकणारच.

या बाबतीत माझीच एक फजिती सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका वस्तीवर प्रात्यक्षिकाचा वाफा लावताना मी मागील वर्षाच्या नोंदवहीतील तारीख जशीच्या तशी उचलली. रोपे उत्तम वाढली. दसऱ्याच्या दिवशी वाफ्यात हिरव्या कळ्या होत्या, आणि फुलांचा भर पुढच्या आठवड्यात आला. त्या घरच्या आजीबाई तोरणासाठी बाजारातून आणलेली फुले ओवीत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, तुमचं कॅलेंडर भिंतीवरचं, आमचा दसरा पंचांगातला." तेव्हापासून मी नोंदवहीत तारीख लिहीत नाही, सणापूर्वीचे दिवस लिहितो.

ते दिवस असे मोजावे. आफ्रिकन झेंडूचे, म्हणजे आपल्या मोठ्या टपोऱ्या झेंडूचे, रोप वाफ्यात पंचवीस ते तीस दिवस राहते. लावणीनंतर साधारण साठ-पासष्ट दिवसांनी पहिली फुले येतात. मध्ये शेंडा खुडला तर सुमारे दहा दिवस अधिक लागतात, पण फांद्या वाढून फुले कितीतरी जास्त मिळतात. तेव्हा दसऱ्यापासून मागे बहात्तर दिवस मोजले की लावणीची तारीख मिळते, आणि शंभर दिवस मोजले की बी टाकण्याची. २०२५ च्या दसऱ्यासाठी बी २४ जूनच्या सुमारास व लावणी २२ जुलैच्या सुमारास येत होती. २०२३ साली हेच दिवस १६ जुलै व १३ ऑगस्ट असे होते. जात, जमीन व पावसाचे मान यांप्रमाणे चार-पाच दिवसांचा फरक पडेल. म्हणून सर्व रोपे एकाच दिवशी न लावता पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत लावावी. एक हप्ता चुकला तर दुसरा साधतो, आणि फुलेही एकदम अंगावर येत नाहीत. फार उशीर झाला असता रोप दाट लावून शेंडा न खुडण्याचा मार्ग उरतो. ऑगस्टनंतर दिवस आणखी लहान होत जातात व उशिरा लावलेले झाड लहान असतानाच कळी धरते. फुले थोडी येतात, परंतु घरच्या तोरणापुरती येतात.

बियाण्याविषयी आपल्या घरांत एक जुनी चाल आहे. दसऱ्याचे तोरण वाळून चौकटीवर तसेच राहते, आणि मृगात तेच फूल चुरून परसात टाकतात. त्यातून काही उगवतेही. पण तोरणाची फुले कोवळी तोडलेली असतात, त्यांतील पुष्कळ बी भरलेले नसते. त्याऐवजी वाफ्यातील आठ-दहा निरोगी व टपोऱ्या फुलांची झाडे राखून ठेवावी, त्यांची फुले झाडावरच वाळू द्यावी. बी काळे, टोकाला फिकट कुसळ असलेले व हातास टणक लागले पाहिजे. संकरित जातीचे बी मात्र घरी धरू नये, पुढील पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

लावणी सपाट वाफ्यात करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आपली भारी काळी जमीन भाद्रपदातील झडीत चिखल होते आणि झेंडूचे मूळ दोन दिवस पाण्यात राहिले की कुजते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये नांदेड-लातूरसह मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत सोयाबीनची काय दशा झाली हे सर्वांनी पाहिलेच आहे. वीतभर उंचीचे गादीवाफे किंवा वरंबे करून, दोन ओळींत साठ व दोन रोपांत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. या अंतराने एका गुंठ्यात पावणेचारशेच्या आसपास रोपे बसतात. लावणीनंतर महिना-सव्वा महिन्यात शेंडा खुडावा. शेणखत भरपूर द्यावे, युरिया हात राखून द्यावा. नत्र अधिक झाले की झाड नुसते पानावर माजते व कळी लांबते. कळ्या दिसू लागल्यावर पावसाने ताण दिला तर पाणी चुकवू नये. पाऊस उघडून ऊन तापले की पानांखाली लाल कोळी येतो, तेव्हा पाने उलटून पाहण्याची सवय ठेवावी.

हेक्टरी दहा टन उत्पादन धरले तर गुंठ्यास सर्व तोडण्या मिळून शंभर किलो फूल होते. घरास, भाऊबंदास, गावच्या देवळास व शाळेस ते पुरून उरते. याहून अधिक क्षेत्र लावावयाचे असेल तर आधी बाजाराचा विचार करावा. नांदेड शहरात १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचे निर्वाण झाले तेथे सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा आहे. दसरा, दिवाळी व होला मोहल्ला हे तिन्ही उत्सव तेथे थाटाने होतात. माहूरला रेणुकामातेचे नवरात्र असते. फुलांची मागणी आहे यात शंका नाही. परंतु दसऱ्याचा चढा भाव दोन दिवसांचा असतो, आणि एकादशीच्या सकाळी बाजाराच्या कडेला टाकून दिलेले झेंडूचे ढीग दिसतात. ते ढीग कोणाच्या तरी कर्जाचे असतात. नवशिक्याने एकरभर झेंडू लावून दसऱ्यावर पैज मारावी असा सल्ला मी देणार नाही. पाच-दहा गुंठे, तीन हप्त्यांत, व्यापाऱ्याशी आधी बोलून, एवढे पुरे.

दसऱ्याची तोडणी झाली म्हणजे वाफ्याचे काम संपले असे समजू नये. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन विसाव्या दिवशी येते. पूर्ण उमललेली सर्व फुले दसऱ्याला तोडून घेतली, हलके खत व पाणी दिले, तर उरलेल्या कळ्या दिवाळीपर्यंत भरतात. झाडावर फूल सुकू दिले तर मात्र सारी शक्ती बियांत जाते. फूल थंड वेळी, देठासह तोडावे. पावसात भिजलेले फूल पोत्यात दाबू नये, करंड्यांत पसरून ठेवावे.

झेंडूचा आणखी एक उपयोग आहे व तो तुरीच्या या मुलखात विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. घाटे अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालतो. तुरीच्या कडेने वा टोमॅटोच्या दर चौदा-पंधरा ओळींनंतर एक ओळ झेंडू असल्यास बरीच अंडी तेथेच पडतात. या ओळीतील अळ्या वेचून नष्ट केल्या तरच लाभ, नाहीतर तीच ओळ किडीचे माहेर होते. झेंडूच्या मुळांतील द्रव्यामुळे जमिनीतील सूत्रकृमीही घटतात. म्हणून यंदाच्या झेंडूच्या वाफ्यात पुढे वांगी-टोमॅटो घ्यावीत.

तरवड आणि कुरडू

देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणालगतच्या तालुक्यांत नवरात्राचे दिवस फुलांच्या दृष्टीने आणखी वेगळे असतात. तेथील तेलुगू भाषक घरांत बतुकम्मा मांडतात. तबकात रानफुलांचे थरावर थर रचून शिखर करावयाचे, बायकांनी भोवती फेर धरावयाचा, आणि अखेरच्या दिवशी तळ्यात विसर्जन करावयाचे. २०१४ साली तेलंगण राज्य झाले तेव्हा या सणास राज्यसणाचा दर्जा मिळाला. यात मान असतो तो तरवडाच्या पिवळ्या फुलांना आणि कुरडूच्या रुपेरी-गुलाबी तुऱ्यांना. तरवड मुरमाड पडीत रानात कोणी न लावता येतो, आणि कुरडू तर आपण सोयाबीन-तुरीतून तण म्हणून उपटतो. पिकातील कुरडू काढलाच पाहिजे, त्याचे एक झाड हजारो बिया पाडते. परंतु बांधाच्या कडेचा थोडा पट्टा भाद्रपद-आश्विनात तसाच राखून, बी गळण्यापूर्वी तुरे काढून घेतले तर लेकीबाळींचा सणही होतो आणि तणही पसरत नाही. एरव्ही ज्या मोकळ्या जागी तणनाशकाचा पंप सहज फिरवला जातो, तेथे या दिवसांत तरी तो फिरवू नये.

शेवंती, दिवा आणि वेळ अमावस्या

शेवंतीविषयी थोडक्यात. फुलांचा हंगाम संपला की बुंध्याभोवती ज्या काश्या फुटतात त्या जपाव्या व पावसाळ्याच्या तोंडी लावाव्या. शेवंती दिवस लहान झाल्यावाचून कळी धरीत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी तक्रार आली की एका ओळीतील सारी झाडे फुलली पण टोकाची तीन नुसती वाढतच आहेत. खत, पाणी, माती सारे पाहून झाले. शेवटी रात्री जाऊन पाहिले तेव्हा कळले की ती तीन झाडे रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात होती. त्यांच्या दृष्टीने रात्र होतच नव्हती. तेव्हा शेवंती दिव्याखाली लावू नये.

हीच शेवंती आणि झेंडूची शेवटची फुले मार्गशीर्षाच्या वेळ अमावस्येस उपयोगी पडतात. लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांबाहेरील वाचकांस या सणाची कल्पना नसेल. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तीत पाच पांडव मांडतात. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील यांचा नैवेद्य होतो, आंबील पिकावर शिंपडतात. शहरात नोकरीस गेलेली मुले परत येतात, शेत नसलेल्यास शेतकरी आपल्या रानात जेवावयास बोलावतो. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुटी देण्याची प्रथा आहे. ज्वारी तेव्हा कमरेएवढी असते, हरभऱ्यावर जांभळी फुले असतात, आणि करडईला नुकती बोंडे धरू लागलेली असतात.

ही करडई पौष-माघात पिवळी फुलून पुढे केशरी होते. सोयाबीन आल्यापासून तिचे क्षेत्र पुष्कळ घटले, तरी कोरडवाहू काळ्या रानात ओलीवर येणारे तिच्यासारखे पीक थोडे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' ही तिची जात दिली आहे. फुले कोमेजून केशरी-लाल झाली, म्हणजे आत दाण्याचे काम झाले, की त्या पाकळ्या हलक्या हाताने खुडून घ्याव्या. दाण्याच्या उत्पन्नात त्याने घट येत नाही. काटे असल्याने हातात जाड मोजे घालावे व सकाळी, दव असताना, काटे मऊ असतात तेव्हा काम करावे. सावलीत वाळविलेल्या पाकळ्या हवाबंद डब्यात वर्षभर टिकतात. पाण्यात उकळून त्यांचा काढा घेतात, आणि धुळवडीला पळसाच्या पातेल्यात मूठभर टाकल्या तर रंग अधिक पिवळा उतरतो. डब्यावर तोडणीचा महिना लिहून ठेवावा, आणि शेजारच्या डब्यात झेंडूचे राखलेले बी असावे.